साखरेच्या पाण्यातला खडू

हरिचंद्र भोपीचं अक्षर चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे त्याला ठाऊक होतं. यातली पहिली गोष्ट देवाची देणगी. दुसरीनं घात केला.

हरिचंद्र मूळचा जांभूळ गावचा. घरची थोडी भातशेती थोरल्या भावाकडे सोपवून तो अंबरनाथच्या एका केमिकलच्या कारखान्यात लागला आणि उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, सिंध्यांच्या बराकींना लागून असलेल्या मराठी गल्लीत खोली घेऊन राहिला. कारखान्यात त्याचं काम एकच. माल भरलेल्या पिंपांवर ब्रशनं, काळ्या रंगात, पार्टीचं नाव आणि पत्ता लिहायचा. इंदूर, कोचीन, लुधियाना. स्वतः हा माणूस कधी नाशिकच्या पुढे गेला नव्हता, पण त्याच्या हातचं अक्षर सगळा हिंदुस्थान फिरून आलं होतं, असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे दोनदा आले तर दोनदा सांगायचा.

संध्याकाळी घरी आला की गल्लीच्या तोंडाशी, नळाशेजारच्या भिंतीवर ठोकलेला मंडळाचा फळा त्याची वाट बघत असे. नळाला पाणी कधी येणार, कोणाच्या घरी हळदीकुंकू, कोण वारलं, कोणाचा मुलगा दहावी पास झाला, सगळं त्या फळ्यावर. बाकीची माणसं लिहितात तसं तो कोरड्या खडूनं लिहीत नसे. कुठल्याशा पेंटरकडून तो एक युक्ती शिकला होता. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजत घालायचे आणि ओले असतानाच लिहायचं. अक्षर वाळलं की असं उठून दिसतं की बघत राहावं, आणि हात लागला तरी पुसत नाही. मुंग्या यायच्या तेवढ्याच. त्याची बायको सुनंदा करवादायची, "रेशनची साखर चहाला पुरत नाही, आणि हे खडूंना पाजतायत!" हरिचंद्र हसून आणखी अर्धा चमचा घालायचा.

या गल्लीत एक रीत होती. गल्लीसाठी ज्यानं काही केलं, त्याचं नाव फळ्यावर यायलाच हवं. गणपतीला कोणी पंखा दिला, कोणी मूर्ती उचलली, कोणी नुसत्या खुर्च्या मांडल्या, नाव लिहायचं. एका सत्यनारायणाच्या वेळी नारळ देणाऱ्याचं नाव चुकून राहिलं, तर तो गृहस्थ दोन वर्षं मंडळाच्या माणसांशी बोलला नाही, आणि सगळ्या गल्लीला त्याचंच बरोबर वाटलं. मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते याबाबतीत फार कडक. "माणसाचं नाव राहता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्र्याण्णव सालचा गणपती विसर्जन करून माणसं झोपली, आणि सकाळी रेडिओनं किल्लारीच्या भूकंपाची बातमी दिली. हरिचंद्रनं "पुढच्या वर्षी लवकर या" पुसलं आणि त्याच जागी कपड्यांचं, धान्याचं आवाहन लिहिलं. मंडप अजून सोडलेला नव्हता. दोन दिवसांत जिथे मूर्ती बसली होती तिथे कपड्यांचा ढीग लागला. पलीकडच्या बराकींतून सिंधी दुकानदारांनी चादरींचे गठ्ठे आणून टाकले. जीन्सच्या कारखानदारांनी शिलाई चुकलेल्या जीन्सच्या पँटी दिल्या. लातूरकडच्या म्हाताऱ्या बायांनी त्या पँटींचं काय करायचं, हे कोणाला सुचलं नाही. देणाऱ्याचं मन मोठं होतं, एवढंच.

त्या ढिगाशी तिसऱ्या दिवशी एक बाई येऊन बसली. ईश्वरीबाई तिचं नाव. चाळिशीची, हाडकुळी, मागच्या बराकीत भावाकडे राहणारी. घरी बसून जीन्सचे लोंबते धागे कापायचं काम करायची. वर्षापूर्वी ती पाकिस्तानातून आली होती. सिंधू नदीच्या काठी तिचं गाव. पुरात गाव गेलं, घर गेलं, नवरा गेला, आणि ही तीन महिने एका बंधाऱ्यावर ताडपत्रीखाली राहिली. फाळणीच्या वेळी लहानपणीच नातेवाइकांबरोबर इकडे आलेल्या थोरल्या भावानं खटपट करून तिला व्हिसावर आणवलं. आता कायमचं राहू द्यावं असा तिचा अर्ज सरकारात पडून होता. डिसेंबरात निकाल लागायचा होता. तोवर ठरल्या दिवशी ऑफिसात हजेरी द्यायची, आणि परवानगीशिवाय हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. अर्ज फेटाळला तर परत जायचं. परत म्हणजे त्या बंधाऱ्यावर. दुसरं ठिकाण तिला उरलं नव्हतं.

तिनं ढिगातला एक परकर उचलला, नेफ्यात बोट घालून बघितलं, मग दुसरा, मग तिसरा. "इसमें नाड़ी नहीं है," ती म्हणाली.

सुनंदा म्हणाली, "जुने आहेत ना ताई. नाड्या लोक काढून घेतात, घरात लागतात."

ईश्वरीबाईनं मान हलवली. "बंधे पर हमको भी कपड़ा मिला था. घाघरा मिला, नाड़ी नहीं थी. तीन दिन एक हाथ से पकड़ के रही. एक हाथ में घाघरा, एक हाथ में थाली. रोने को भी हाथ खाली नहीं था."

मग सुनंदानं घरून एक जुनं लुगडं आणलं आणि त्याच्या पट्ट्या फाडायला बसली. संध्याकाळपर्यंत आठ-दहा बायका जमल्या. प्रत्येक परकरात, प्रत्येक सलवारीत नाडी ओवली गेली आणि टोकाला गाठ मारली गेली. हरिचंद्रनं गोणपाटाच्या पोत्यांवर काळ्या रंगात झोकदार अक्षरांत लिहिलं: उल्हासनगर कॅम्प ५.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी, तिकडून परतलेल्या एकानं सांगितलं की आतले कपडे घ्यायला बाया पुरुषांसमोर येतच नाहीत, एखादी बाई बरोबर असू द्या. गल्लीतल्या एकीची नोकरी, दुसरीची पोरं लहान, तिसरीचा नवरा सोडेना. हरिचंद्र स्वतः जाणार होता. तोच ईश्वरीबाईकडे गेला.

"भाऊ, मेरा काग़ज़..." ती म्हणाली.

"अहो बहेनजी, उधर इतना बडा भूकंप हुआ है, कागद कौन पूछता है? चार दिन में वापस."

तिनं दिवसभर विचार केला. संध्याकाळी नळाशी येऊन म्हणाली, "चलूँगी. लेकिन मेरा नाम कहीं मत लिखना."

"नहीं लिखूँगा. वचन," हरिचंद्र म्हणाला. तेव्हा त्याच्या मनात खरंच तसं होतं.

तिथे त्यांनी काय पाहिलं ते हरिचंद्रनं परतल्यावर कोणाला धड सांगितलं नाही. पाऊस, चिखल, दगडांचे ढीग, जळाल्याचा वास. एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांत रुतून बसली. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला एक बाई उकिडवी बसलेली होती. तिच्या दोन्ही लेकी गेल्या होत्या आणि पाच दिवस ती बोललीच नव्हती, असं लोक सांगत होते. ईश्वरीबाई तिच्याशेजारी चिखलात बसली. हिला मराठी येत नाही, तिला हिंदी कळत नाही. मग ईश्वरीबाईनं तिला चादरीच्या आडोशाला उभं केलं, परकर नेसवला आणि आपल्या हातानं नाडीची गाठ मारली. त्या बाईनं खाली कमरेकडे बघितलं. "घट्ट झालीया," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं रडायला लागली. हरिचंद्र पोतं उचलायचं विसरून तिथेच उभा राहिला होता.

परतल्यावर रीतीप्रमाणे अण्णांनी गेलेल्यांची नावं लिहायला सांगितली. सात पुरुष. अण्णा म्हणाले, "आणि ती बाई?"

"ती नको म्हणालीय, अण्णा."

"संकोचानं म्हणाली असेल. एकटी बाईमाणूस एवढ्या लांब गेली, आणि तिचं नाव राहिलं? बघ बाबा, तू ठरव."

अण्णांनी एवढंच म्हटलं. पुढचं सगळं हरिचंद्रचं स्वतःचं. त्यानं तो चिखल बघितला होता, ती गाठ बघितली होती, आणि सात नावांत तिचं नाव नसलेला फळा त्याला खोटा वाटत होता. शिवाय खाली जागा रिकामी राहत होती आणि ती डोळ्यांना खुपत होती. त्यानं पिवळा खडू साखरेच्या पाण्यातून काढला आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पाकिस्तानातून आलेल्या आमच्या भगिनी ईश्वरीबाई." पाकिस्तान हा शब्द त्याला कोणी सांगितला नव्हता. तो लिहिल्यानं तिचा मान वाढतो, असं त्याला मनापासून वाटलं. श्वचा वळसा तर असा काही साधला होता की तो दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. रविवारी पुसून टाकू, त्यानं ठरवलं.

सुनंदानं वाचलं आणि ती फुलून गेली. "ताईंना सांगते हं!"

"सांगू नकोस. तिनं लिहू नको म्हटलं होतं."

"मग लिहिलंत कशाला?" सुनंदानं विचारलं. हरिचंद्र हात धुवायला गेला.

सकाळी तो कामावर निघाला तेव्हा ईश्वरीबाई धागे कापलेल्या पँटींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन फळ्यासमोर उभी होती. तिकडे ती सिंधी लिहायला-वाचायला शिकली होती, उजवीकडून डावीकडे. आपली अक्षरं तिला नक्षीसारखी.

"कितना सुंदर लिखा है, भाऊ. क्या है?"

"जो गये थे ना, उनके नाम."

तिचा चेहरा जरासा उतरला. "मेरा तो नहीं ना?"

हरिचंद्रच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण सांगितलं तर तिच्या देखत पुसावं लागणार. आणि दहा वाजता स्थानिक साप्ताहिकाचा फोटोवाला येणार, हे अण्णांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. "नहीं," तो म्हणाला.

ती हसली. पिवळ्या ओळीखालून तिनं हलकेच बोट फिरवलं. "ये वाला सबसे अच्छा है," असं म्हणून ती गेली.

फोटो छापून आला. गल्लीतल्या प्रत्येक घरानं तो कापून ठेवला. पलीकडच्या बराकींत मराठी साप्ताहिक कोणी घेत नसे. पंधरा दिवसांनी साध्या कपड्यातले दोन इसम येऊन नळाशी उभ्या पोरांना विचारून गेले, ईश्वरीबाई कुठे राहते, ट्रकमध्ये होती का. ते वर्षच वाईट होतं. जानेवारीत दंगली, मार्चमध्ये बॉम्बस्फोट. पाकिस्तान हा शब्द नुसता ऐकला तरी माणसं मान वळवून बघत होती. आणि हरिचंद्रनं तोच शब्द गल्लीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

रविवारी पुसल्यावर त्यानं फळा नीट बघितला नव्हता. आता बघितला. बाकी सगळं गेलं होतं, पण तिरक्या उजेडात पिवळी ओळ तशीच होती. त्यानं ओलं फडकं फिरवलं. ओलेपणी फळा काळाभोर झाला. वाळायला लागला तशी अक्षरं एकेक करून वर आली. आधी पा, मग कि. त्या मोठ्या ओळीसाठी त्यानं साखर जास्त घातली होती, ती फळ्याच्या अंगात मुरली होती. त्यानं काथ्यानं घासलं, राखेनं घासलं. नाव गेलं नाही.

मग त्यानं अर्ज लिहिला. आयुष्यात त्यानं इतकं सुंदर अक्षर काढलं नव्हतं. बाईनं पुण्याचं काम केलं, तिला राहू द्यावं. साऱ्या गल्लीच्या सह्या घेतल्या आणि अण्णांना बरोबर घेऊन तो त्या ऑफिसात गेला. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज पूर्ण वाचला. मग फाइल उघडून साप्ताहिकाचं कात्रण अर्जाशेजारी ठेवलं.

"दोन्ही अक्षरं एकाचीच दिसतात."

"होय साहेब. माझंच आहे."

"छान आहे," साहेब म्हणाला. "पण हद्द सोडू नये ही अट होती, आणि सोडली हे तुम्हीच लिहून दिलंय. नुसतं कोणी सांगितलं असतं तर मी कानाआड केलं असतं. छापलेलं कसं करू?"

अण्णा काहीतरी बोलत राहिले. हरिचंद्रला पुढचं ऐकू आलं नाही.

डिसेंबरात हुकूम आला. जायच्या दिवशी ईश्वरीबाई सुनंदाला भेटायला आली. लुगड्याच्या उरलेल्या पट्ट्यांच्या नाड्या तिनं गुंडाळून आणल्या होत्या, त्या हातात दिल्या. "काम आएगी, फिर कहीं कुछ हुआ तो." हरिचंद्र दारात उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

"किसी ने चुग़ली की, भाऊ. पता नहीं कौन. आप दिल पे मत लेना. आपने तो वचन रखा."

सुनंदानं नवऱ्याकडे बघितलं. हरिचंद्रनं हात जोडले. बोलायला त्याच्याकडे एक क्षण होता, फार तर दोन. रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला, तिचा भाऊ बॅग घेऊन पुढे झाला, आणि ती गेली. त्यानंतर तिचं पत्र नाही, खुशाली नाही. दोन वर्षांत भाऊही वारला, आणि बराकीतल्या त्या खोलीत दुसरी माणसं आली.

त्या दिवसापासून हरिचंद्रनं फळ्याला हात लावला नाही. हात दुखतो म्हणून सांगितलं. मंडळानं फळ्याला नवा काळा रंग दिला. तरी पावसाळ्यात हवा दमट झाली की खालच्या बाजूला पिवळट काहीतरी दिसतं, असं तो म्हणायचा. सुनंदाला तिथे काही दिसायचं नाही. कामावर मात्र ब्रश सुटला नाही, पोटाचा प्रश्न होता. इंदूर, कोचीन, लुधियाना. प्रत्येक पिंपाला पत्ता होता. लिहिता लिहिता तो थांबायचा, पोरं हाक मारायची, "भोपीसाहेब, झोपलात काय?" जेवताना तो एकदम पाणी प्यायला उठायचा, आणि हातात पेला घेऊन तसाच उभा राहायचा. सुनंदा विचारायची नाही. तिनं न विचारणं त्याला विचारण्यापेक्षा जड जायचं.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारच्या दुपारी दारात एक म्हातारीशी बाई आली. डोक्यावर गोधडी, हातात गोणपाटाचा चौकोनी तुकडा. त्यावर काळ्या रंगात, झोकदार अक्षरात, उल्हासनगर कॅम्प ५.

हरिचंद्रनं आधी अक्षर ओळखलं. मग बाई ओळखली.

"मी विठा," ती म्हणाली. "किल्लारीकडली. भाचा बदलापुरात गवंडीकाम करतोय, त्येच्याकडं आले. ह्यो तुकडा चार वर्सं जपलाय. ठेसनापासून दाखवीत दाखवीत आले, तवा एका पोरानं सांगितलं, ह्ये अक्षर भोपींचं." तिनं पाणी घेतलं, पेला खाली ठेवला. "ती नाडीवाली बाई कुटं हाय? तिच्यासाटी गोधडी शिवलीया. माज्या दोन्ही लेकींच्या लुगड्यांचे तुकडे हायती ह्याच्यात. ढिगातनं निगाले तेवढे."

सुनंदा भिंतीला टेकली. हरिचंद्र म्हणाला, "ती गेली, मावशी. आपल्या देशाला परत गेली."

"असं व्हय?" विठानं गोधडी मांडीवर घेतली. "मग तिचा पत्ता लिवून द्या. भाचा टपालानं धाडंल. मला वाचाया येत न्हाई, पर तुमी चांगलं लिवता म्हणं."

त्यानं कागद घेतला, पेन घेतलं. ईश्वरीबाई, असं लिहिलं. चार वर्षांनी ते नाव त्याच्या हातून उतरलं. श्वचा वळसा आपोआप तसाच आला. त्याखाली मात्र त्याला काही लिहिता येईना. सबंध हिंदुस्थानचे पत्ते लिहिणारा हा माणूस कागदावर पेन टेकवून बसून राहिला, आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

विठा वाकून बघत होती. "काय लिवलंय?" तिनं विचारलं.

हरिचंद्रनं मान वर केली. तोच प्रश्न. वाचता न येणारी तशीच एक बाई, तसाच विश्वास. पत्ता आहे म्हटलं असतं तर ती आनंदानं घेऊन गेली असती.

"नुसतं नाव आहे," तो म्हणाला. "पत्ता नाही. तिला पत्ताच उरलेला नाही, आणि तो माझ्यामुळे उरला नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. वचन, फळा, पिवळा खडू, पाकिस्तान हा शब्द. तिनं विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालो ते. तिनं आपल्याच नावाखालून बोट फिरवलं ते. निरोपाच्या वेळीही तोंड उघडलं नाही ते. चार वर्षं जे सुनंदाला सांगितलं नव्हतं ते सुनंदासमोर सांगितलं. त्याचं नाक वाहायला लागलं, पण तो थांबला नाही.

विठा ऐकत होती. तिनं त्याला दोष दिला नाही, की जाऊ द्या म्हणाली नाही. मांडीवरच्या गोधडीची शिवण ती अंगठ्यानं चाचपत राहिली. मग तिनं हात पुढे करून तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"तिचं नाव मला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "ह्ये मी नेते. तुमच्यापाशी नगं ऱ्हायाला."

तिनं कागद गोधडीच्या घडीत घातला, गोधडी डोक्यावर घेतली आणि सुनंदाला स्टेशनचा रस्ता विचारला. सुनंदा तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली. गोणपाटाचा तुकडा तेवढा हरिचंद्रच्या पायाशी राहिला.